छातीतलं सिलिकॉन आणि तो ‘दुर्मिळ’ कॅन्सर

पत्र: डॉक्टरबाई, नमस्कार. मी परभणीची, वय ४४, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०१४ साली डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन करून ती बाजू पूर्ण काढली. नंतर दोन-तीन महिने आत पिशवी ठेवून, तिच्यात पाणी भरत कातडी ताणून घेतली आणि मग सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. घरात हे फक्त मिस्टरांना माहीत आहे. सासूबाईंना आणि जावेला वाटतं, गाठ काढली नि संपलं. मागच्या आठवड्यात भाचीनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला, की इम्प्लांटमुळं वेगळाच कॅन्सर होतो आणि कंपनीनं सगळा माल परत घेतला. तिला माझं काहीच माहीत नाही, ती सहज दाखवत होती. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. मिस्टर म्हणतात, काढून टाकू, कटकटच नको. गूगलवर कुठं तीस हजारांत एक लिहिलंय, कुठं साडेतीनशेत एक. खरं काय? मला सूज नाही, दुखत नाही. पुन्हा मुंबई गाठू का? इथं कुणाला दाखवू? आणि माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला धोका आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर:

ताई, नमस्कार.

मुंबईला जायला देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट काढायची घाई करू नका. सूज नाही, गाठ हाताला लागत नाही, दुखत नाही, तर इम्प्लांट काढायला धावायचं कारण नाही. हे मिस्टरांनाही वाचून दाखवा. अमेरिकेत औषधं नि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेनं जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीला ‘बायोसेल’ नावाचे खडबडीत पृष्ठभागाचे इम्प्लांट परत मागवायला लावले, ही बातमी खरी. त्याच वेळी एफडीएनं हेही स्पष्ट सांगितलं, की ज्यांना काही त्रास नाही त्यांनी ते काढून घ्यावेत अशी आमची शिफारस नाही. व्हिडिओवाल्यानं पहिली बातमी उचलली नि दुसरी सोडून दिली.

आजार मात्र खरा आहे, ती अफवा नव्हे. डॉक्टर लोक त्याला बीआयए-एएलसीएल म्हणतात. तो स्तनाचा कॅन्सर नाही. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, त्यांतल्या टी-पेशींचा हा लिंफोमा, म्हणजे त्या पेशींचा कॅन्सर. इम्प्लांट बसवलं की शरीर त्याच्याभोवती आपोआप एक पातळ आवरण तयार करतं, त्याला कॅप्सूल म्हणतात. हा आजार सुरू होतो तो या आवरणात आणि इम्प्लांट व आवरण यांच्यामध्ये साठणाऱ्या पाण्यात. म्हणजे समजा कुणाला तो झालाच, तरी जुना कॅन्सर उलटला असा त्याचा अर्थ नाही. तुमच्या पत्रात ही भीती शब्दांत नाही, पण ओळींमधून दिसते म्हणून सांगितलं.

याचा पहिला रुग्ण वैद्यकीय मासिकात नोंदला गेला १९९७ मध्ये. एफडीएनं पहिला इशारा दिला २०११ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनं वेगळा आजार म्हणून त्याला यादीत घेतलं २०१६ मध्ये. जून २०२३ पर्यंत एफडीएकडं जगभरातून १,२६४ रुग्णांची नोंद झाली होती, त्यांतल्या ६३ जणी दगावल्या. जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त बायका इम्प्लांट बसवून घेतात, हे शेजारी ठेवलं की आकडा किती लहान आहे ते कळतं.

आता तुमचा खरा प्रश्न. तीस हजारांत एक की साडेतीनशेत एक?

दोन्ही आकडे कुणीतरी मोजूनच काढलेले आहेत, पण मोजलेल्या बायका वेगवेगळ्या. एखादा आजार किती आढळतो हे सांगायला दोन गोष्टी लागतात: किती जणींना झाला, आणि किती जणींना होऊ शकला असता. इम्प्लांटच्या बाबतीत दुसऱ्या गोष्टीचीच बोंब. कंपन्यांकडं किती नग विकले याचा हिशेब असतो. किती बायकांत बसले, किती वर्षं राहिले, कुणी मध्येच काढले, कुणी बदलून दुसऱ्या कंपनीचे बसवले, याचा नसतो. आपल्याकडं बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या गावागावांत माणसं पाठवून रुग्ण शोधते. गावची लोकसंख्या माहीत, रुग्ण माहीत, म्हणून तिच्या आकड्याला वजन आहे. इम्प्लांटची अशी वही बहुतेक देशांनी ठेवलीच नाही.

नेदरलँड्समध्ये पॅथॉलॉजीचे सगळे रिपोर्ट देशपातळीवर एका जागी जमा होतात. तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून २०१८ मध्ये हिशेब मांडला: इम्प्लांट असलेल्या ६,९२० बायकांमागं एकीला वयाच्या पंचाहत्तरीपर्यंत हा आजार होतो. यात गुळगुळीत इम्प्लांटवाल्याही आल्या, खडबडीतवाल्याही. तुम्ही वाचलेला तीस हजारांचा आकडा एका जुन्या अंदाजाचं वरचं टोक आहे. तो अंदाज होता, खडबडीत इम्प्लांटवाल्या बायकांत ३,८१७ मध्ये एक ते ३०,००० मध्ये एक. लोक आपल्याला हवं ते टोक धरून बसतात. इम्प्लांट विकणाऱ्यानं तीस हजार धरायचं, घाबरवणाऱ्यानं अडतीसशे.

साडेतीनशेचा आकडा आला न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयातून, २०२० मध्ये. तिथं स्तन काढल्यावर खडबडीत इम्प्लांट बसवलेल्या ३,५४६ बायकांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला, त्यांत दहा जणींना हा आजार निघाला. म्हणजे ३५५ मध्ये एक. सगळ्यांत काळजी वाटावी असा आकडा हाच, आणि माझ्या मते सगळ्यांत प्रामाणिकही हाच. कारण त्यांना प्रत्येक बाई माहीत होती, तिच्यात काय बसवलं ते माहीत होतं, आणि ती वर्षानुवर्षं तपासणीला येत होती. पण तो सगळ्या इम्प्लांटना लावायचा नाही. त्या बायकांत प्रामुख्यानं बायोसेलसारखंच खडबडीत इम्प्लांट होतं, आणि एफडीएच्या हिशेबानं अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या इतर खडबडीत इम्प्लांटच्या तुलनेत बायोसेलचा धोका सुमारे सहापट. ज्या बाईला आयुष्यभर फक्त गुळगुळीत इम्प्लांटच होतं, तिच्यात हा आजार झाल्याचं खात्रीशीर उदाहरण नोंदलेलं नाही. गुळगुळीतवाल्या म्हणून ज्या नोंदी आल्या, त्यांत एकतर आधी कधीतरी खडबडीत बसवलेलं होतं, किंवा आधीचा इतिहासच मिळाला नाही.

म्हणून तुम्हाला किती धोका, हे गूगल सांगणार नाही. तुमचं कार्ड सांगेल.

इम्प्लांटच्या डब्यासोबत चिकटपट्टीवाले छोटे स्टिकर येतात. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, माप आणि लॉट किंवा सिरियल नंबर छापलेला असतो. एक स्टिकर ऑपरेशनच्या कागदावर डकवतात, एक पेशंटच्या कार्डावर. आपल्याकडं ते कार्ड डिस्चार्ज कार्ड, केमोच्या पावत्या नि औषधांच्या चिठ्ठ्यांसोबत एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं जातं आणि पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाते. तुमच्या बाबतीत तर ती लपवूनच ठेवली असणार. ती काढा. स्टिकरवर ‘टेक्श्चर्ड’ लिहिलंय की ‘स्मूथ’, ते पाहा. ‘अ‍ॅनाटॉमिकल’ लिहिलं असेल, म्हणजे गोल नसून थेंबाच्या आकाराचं, तर ते जवळजवळ नक्की खडबडीत आहे. आत फिरू नये म्हणूनच त्याचा पृष्ठभाग तसा करतात. आणि ती पाणी भरायची पिशवी विसरू नका. तिला एक्स्पांडर म्हणतात, आणि परत मागवलेल्या मालात बायोसेलचे एक्स्पांडरही होते. ती दोन-तीन महिनेच आत असली, तरी तिचा कागद मागून घ्या.

कार्ड सापडलं नाही तर मुंबईच्या त्या रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागाला लेखी अर्ज करा: तुमचं तेव्हाचं नाव, केसपेपर नंबर, ऑपरेशनचा महिना. डिस्चार्ज समरीवर भागवू नका, ‘ऑपरेशन नोट्सची प्रत, इम्प्लांटच्या स्टिकरसह’ असं शब्दशः लिहून मागा. दहा वर्षांहून जुना कागद आहे, जितका उशीर कराल तितका तो मिळायचा अवघड. पोस्टानं किंवा ईमेलनं होणारं काम आहे, त्यासाठी रजा टाकायची गरज नाही.

समजा कार्डावर खडबडीतच निघालं, आणि समजा सगळ्यांत वाईट आकडा धरला. तरी ३५५ मधल्या ३५४ जणींना हा आजार झालेला नाही. माझं या संदर्भात थोडं वेगळं भांडण आहे. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बाईला दुसऱ्या बाजूला नवा कॅन्सर व्हायचा धोका दर दहा वर्षांत शंभरामागं चार-पाच जणींना असतो. हार्मोनचा परिणाम रोखणाऱ्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याहून कमी. म्हणजे न्यूयॉर्कच्या आकड्याच्या कितीतरी पट. तुमचं सगळं पत्र या वेगळ्या कॅन्सरच्या भीतीचं आहे, उजव्या बाजूच्या मॅमोग्राफीचा उल्लेख एकदाही नाही. शेवटची कधी केली होती? वर्ष उलटून गेलं असेल तर या महिन्यात करा. डाव्या बाजूला इम्प्लांट आहे हे टेक्निशियनला आधीच सांगा. पूर्ण काढलेल्या बाजूची मॅमोग्राफी सहसा करत नाहीत, तिथं हातानं तपासणी नि गरज पडली तर सोनोग्राफी करतात.

आता लक्ष कशावर ठेवायचं. हा आजार इम्प्लांट बसवल्यावर सरासरी आठ-दहा वर्षांनी दिसतो. तुम्ही नेमक्या त्याच टप्प्यात आहात, म्हणून हे नीट वाचा. बहुतेक वेळा तो गाठ म्हणून येत नाही. काही आठवड्यांत एक बाजू फुगते, ब्लाउज त्या बाजूला घट्ट होतो, हात लावला की ताणल्यासारखं लागतं. आत पाणी साठलेलं असतं. काहींना आवरणाजवळ किंवा काखेत गाठ लागते, कुणाच्या अंगावर पुरळ येतं, पण पाणी हेच मुख्य लक्षण. बसवल्यावर वर्षाच्या पुढं कधीही असं पाणी झालं, तर ते तपासल्याशिवाय सोडायचं नाही. बहुसंख्य वेळा कारण साधंच निघतं: मार लागणं, जंतुसंसर्ग, इम्प्लांट फुटणं. अशा उशिरा आलेल्या पाण्यात साधारण दहातल्या एकीचा रिपोर्ट या आजाराचा येतो.

आणि इथंच घोळ होतो. मी आयुष्य पॅथॉलॉजीत काढलं, म्हणून हे जरा तिखट लिहिते. सूज आली की जवळच्या सर्जनकडं जाणं, त्यानं सिरिंज लावून पाणी ओढणं, पिवळसर दिसतंय म्हणून बेसिनमध्ये ओतून देणं आणि अँटिबायोटिक लिहून देणं, हे सहज घडतं. पुन्हा भरलं की पुन्हा ओढतात. दर खेपेला त्यातल्या रोगाच्या पेशी विरळ होत जातात आणि शेवटी नमुना पाठवला तर काहीच सापडत नाही. पहिल्या वेळचं पाणी सगळ्यांत मोलाचं. आधी सोनोग्राफी, मग सोनोग्राफीत बघत सुई, आणि जेवढं निघेल तेवढं सगळं लॅबला. शक्य असेल तर निदान ५० मिलिलिटर. फॉर्मवर ‘इम्प्लांट आहे, बीआयए-एएलसीएलची शंका, सीडी३० करावं’ एवढं लिहिलेलं हवं. सीडी३० म्हणजे या आजाराच्या पेशींवरचं एक प्रथिन, खास रंग देऊन ते शोधतात. कारण नुसतं ‘सायटोलॉजी’, म्हणजे पेशींची साधी तपासणी, एवढंच लिहून आलेल्या बाटलीत सूजेच्या साध्या पेशी दिसल्या, तर गर्दीच्या लॅबमध्ये तेवढ्यावर रिपोर्ट सुटू शकतो. या आजारातली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोठी दिसते, आतलं केंद्रक घोड्याच्या नालासारखं वाकलेलं किंवा मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं, आणि सीडी३० चा रंग दिला की पेशीची कड गडद तपकिरी होते. एकदा पाहिली की विसरत नाही. पण रंग द्यायला सांगितलंच नाही, तर ती दिसायची कशी?

आणखी एक, आपल्या भागासाठी खास. असं पाणी बाटलीत घालून एसटीच्या पार्सलनं पाठवू नका. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस डिग्रीत सहा तास डिकीत पडलेल्या बाटलीतल्या पेशी कुजून येतात. गावातल्याच लॅबला त्यातून ‘सेल ब्लॉक’ करायला सांगा. पाणी फिरवून तळाला बसलेला गाळ मेणाच्या छोट्या ठोकळ्यात पक्का करतात. तो ठोकळा खिशात घालून नेला तरी चालतो, तो बिघडत नाही, आणि सीडी३० त्याच्यावरही होतं.

निदान झालंच, तर उपचार आहेत. आजार आवरणाच्या आत असतानाच पकडला, तर इम्प्लांट आणि ते आवरण, दोन्ही अखंड काढणं हाच मुख्य उपचार, आणि बऱ्याच जणींना त्यापुढं केमो लागत नाही. २०१६ मध्ये ८७ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात पाच वर्षांनी दहांतल्या जवळपास नऊ जणी हयात होत्या. पसरल्यावर आलेल्यांचं गणित वेगळं, त्यांना केमो किंवा ब्रेंटुक्सिमॅबसारखं सीडी३० वर नेम धरणारं औषध द्यावं लागतं. ज्या दगावल्या, त्यांत उशिरा निदान झालेल्या आणि आवरण पूर्ण न काढलेल्या बऱ्याच होत्या.

दाखवायचं कुठं? सूज नसताना कुठंही धावायचं नाही. वर्षातून एकदा कॅन्सरच्या तपासणीला जाता तिथंच हा विषय काढा, कार्डाची झेरॉक्स फाइलला लावा. सोबत सिलिकॉन फुटलंय का तेही पाहून घ्या. एफडीए म्हणतं, बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा, मग दर दोन-तीन वर्षांनी. तुमचं एकदाही झालेलं नसेल अशी मला दाट शंका आहे. चांगली सोनोग्राफी परभणीत होते. सूज आली, तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय तुम्हाला मुंबईपेक्षा जवळ. निदान झालं नि गुंतागुंतीचं निघालं, तर टाटा. कॅन्सरवरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, लाजू नका.

मिस्टरांची ‘काढून टाकू’ ही काळजीच आहे, ती मी समजू शकते. पण काढणं म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा टाके. रेडिएशन झालं असेल तर तिथली कातडी पातळ झालेली असते, जखम भरायला वेळ लागतो. आणि त्यानंतर ती बाजू सपाट राहणार की दुसरं काही बसवणार, हेही ठरवावं लागेल. कार्डावर बायोसेल निघालं आणि सगळं समजून घेतल्यावरही तुम्हाला स्वतःला ते अंगात नको वाटलं, तर प्लास्टिक सर्जनशी बोलून गुळगुळीत बसवणं किंवा काहीच न बसवणं, दोन्ही रस्ते मोकळे आहेत. तो निर्णय तुमचा. मात्र तो घरातली कटकट मिटवायला घ्यायचा नाही.

सासूबाईंना सांगायचं की नाही, त्यात मी पडत नाही. पण मिस्टरांखेरीज आणखी एका माणसाला फाइल कुठं आहे ते माहीत हवं. उद्या अपघात झाला, छातीला मार लागला, तर इमर्जन्सीतल्या डॉक्टरला इम्प्लांट आहे हे कळायला नको का? बहीण असेल तर बहिणीला सांगा.

मुलीचं. हा लिंफोमा आईकडून मुलीकडं जात नाही. पण तुम्हाला स्तनाचा कॅन्सर पस्तिशीच्या आत झाला, आणि एवढ्या कमी वयात झाला की बीआरसीए या जनुकांची तपासणी करायला सांगतात; त्यांतला दोष आईकडून मुलीकडं जाऊ शकतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतो. २०१४ मध्ये ती तुम्हाला कुणी सुचवली नसेल, तर आता विचारा. ती दोन कारणांनी कामाची आहे. नेदरलँड्सच्याच संशोधनात बीआरसीएचा दोष असलेल्या, इम्प्लांटवाल्या बायकांत हा लिंफोमा जास्त आढळला, त्यामुळं तुमचं कार्ड खडबडीत निघालं तर काढायचं की ठेवायचं या चर्चेत तो रिपोर्ट लागेल. आणि मुलीसाठी: तपासणी आधी तुमची करायची, तिची नाही. तुमच्यात दोष निघाला, तरच ती सज्ञान झाल्यावर, तिला समजावून, तिच्या मर्जीनं तिची करायची. तिच्यातही निघाला तर तिच्या एमआरआयच्या तपासण्या पंचविशीपासून सुरू होतात. तुमच्यात काही निघालं नाही, तर सतरा वर्षांच्या पोरीला बारावीच्या वर्षात यातलं काही सांगायची गरज नाही. रक्ताचा एकच नमुना लागतो. मॅमोग्राफीला जाल तेव्हाच विचारून घ्या, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं होतील.